लाल चिखल, पुळण आणि पाखाडी: सायक्लोक्रॉससाठी शिमानो एम५२० पेडल

शिमानोचं पीडी-एम५२० हे पेडल कोकणातल्या सायक्लोक्रॉसला, म्हणजे चिखल-वाळूतून चालवत आणि मधेमधे सायकल घेऊन पळत करायच्या शर्यतीला, चालतं. मात्र खोकं फोडलं, पाना फिरवला आणि तसंच शर्यतीला उभं राहिलं, तर दुसऱ्या फेरीत पाय बसेनासा होतो आणि सगळा राग पेडलवर निघतो. या पेडलच्या स्वतःच्या एक-दोन खऱ्या मर्यादा आहेत, त्या पुढे येतीलच. बाकीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ बुटाचा तळ, क्लीटची (बुटाखाली बोल्टने लावायच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या धातूच्या तुकड्याची) जागा आणि पेडलच्या स्प्रिंगचे स्क्रू यांत असतं, आणि घरच्या घरी एका दुपारात ते दूर करता येतं.

आधी वस्तू काय आहे ते. दोन्ही बाजूंनी पाय अडकवता येणारं हे एसपीडी पेडल. एसपीडी ही पद्धत शिमानोने १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी आणली आणि बुटाच्या तळात खोल बसणारी दोन बोल्टची क्लीट तेव्हापासून मूळ आकारातच टिकून आहे. सायक्लोक्रॉसवाल्यांना ती सोयीची, कारण असा बूट घालून पळता येतं. एम५२० ची जोडी ३८० ग्रॅमची, सोबत एसएच५१ क्लीट्स मिळतात. त्याच कंपनीचं महागडं एक्सटी एम८१०० हे ३४२ ग्रॅमचं. या ३८ ग्रॅमसाठी पहिल्या हंगामात जास्तीचे पैसे घालू नयेत. भाताच्या मळ्यातून एक फेरी मारली की दोन्ही बुटांना त्याहून कितीतरी जास्त वजनाचा चिखल लागलेला असतो.

सायक्लोक्रॉसमध्ये पेडलला जे सोसावं लागतं ते लांबच्या राइडमध्ये कधी सोसावं लागत नाही. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या) नियमांप्रमाणे एक फेरी २.५ ते ३.५ किलोमीटरची. वाटेत जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंचीच्या आडव्या फळ्या, कुठे जिने, कुठे वाळू. हौशी गटांची शर्यत साधारण ३० ते ४५ मिनिटांची असते. समजा सहा फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत तीनदा उतरून पळावं लागलं, तर पाय अठरा वेळा सुटायला हवा आणि अठरा वेळा पुन्हा बसायला हवा. दर खेपेला तीन सेकंद वाया गेली तरी शेवटी जवळपास मिनिटभराचा फटका. तेवढा वेळ निव्वळ पायांच्या जोरावर भरून काढायचा तर महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो.

आता कोकणची जमीन. सड्यावरचा उघडा कातळ पावसात शेवाळाने बुळबुळीत होतो, पण तो पेडलमध्ये भरत नाही. तिथे टायर घसरतो, पेडलचा काही संबंध नसतो. खरी परीक्षा मळ्यातल्या आणि वाडीतल्या लाल मातीची. जांभ्याची झिजलेली ही माती लोहाने भरलेली आणि चिकट. पाऊस धो धो पडत असताना ती पातळ असते, क्लीटवरून वाहून जाते आणि फारसा त्रास होत नाही. पाऊस थांबून दोन-तीन तास ऊन पडलं की तिचा घट्ट गोळा होतो आणि तोच घात करतो. म्हणून सराव भर पावसात करून ‘जमलं’ असं ठरवू नका. उघडीप पडल्यावरच्या दुपारी करा.

चिखल नेमका कुठे बसतो ते पेडल हातात घेऊन पाहावं. क्लीटचं पुढचं टोक पेडलच्या पुढच्या घट्ट पट्टीखाली जातं, मग टाच दाबली की मागचा स्प्रिंगवाला जबडा क्लीटची मागची कड पकडतो. लाल माती पहिल्यांदा क्लीटच्या टोकाखाली दाबून बसते. एक-दोन मिलिमीटरचा थर झाला की टोक पट्टीखाली पूर्ण सरकत नाही, आणि मग कितीही जोरात पाय आपटा, मागचा जबडा पकडत नाही. आपटल्याने थर उलट आणखी घट्ट होतो. इथेच एम५२० ची मर्यादा दिसते. त्याचं शरीर बंदिस्त आहे, आत शिरलेला चिखल खाली पडायला वाट अरुंद आहे. क्रँकब्रदर्सच्या एगबीटरला चार बाजू आहेत आणि जवळपास सगळं पेडलच उघडं आहे, त्यामुळे असा चिखल त्यातून आरपार निघून जातो. टाइम कंपनीचं एटॅक पेडलही या बाबतीत सरस. मळ्यातूनच निम्मी फेरी जाणार असेल तर ती पेडलं जास्त योग्य, हे स्पष्ट सांगायला हवं. पण एगबीटरच्या पितळी क्लीट्स लवकर झिजतात, स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येत नाही आणि बेअरिंगकडे जास्त वेळा लक्ष द्यावं लागतं. कोकणातल्या वर्षाचा एक भाग पावसाचा आणि दोन भाग कोरडे, हे धरलं तर एम५२० चा टिकाऊपणा जिंकतो.

थर बसला तर उपाय पाय आपटण्याचा नाही, घासण्याचा. बुटाचा तळ पेडलच्या पुढच्या कडेवर टेकवा आणि पाय मागून पुढे जोरात सरकवा. पट्टी क्लीटच्या टोकाखालची माती खरवडून काढते. एकदा नाही निघाली तर दोनदा. मग नेहमीप्रमाणे टोक आत, टाच खाली. पळत चढ संपवताना शेवटच्या एक-दोन पावलांत बुटाची आतली कड एखाद्या दगडावर ठोकली तरी बरीच माती सुटते, आणि त्यासाठी थांबावं लागत नाही.

आता बूट. नव्या बुटाच्या तळावरच्या रबरी गट्टू उंच असतात. क्लीट पकडीत असताना त्या पेडलच्या शरीरावर दाबल्या गेल्या की क्लीट पूर्ण खाली जात नाही. कोरड्यात हे जाणवत नाही, कारण रबर थोडं दबतं. चिखलात त्या दाबात मातीची भर पडते आणि सगळं अडकतं. तपासायची रीत सोपी आहे. सायकल भिंतीला टेकवून पाय अडकवा आणि दुसऱ्या कोणाला गट्टू आणि पेडल यांच्यामधून साध्या वहीचा कागद सरकवायला सांगा. कागद किंचित घासत गेला तर उत्तम. फाटला किंवा अडकला तर क्लीटखाली १ मिमीची पातळ चकती घाला, नाहीतर गट्टूची आतली कड धारदार सुरीने थोडी थोडी कापा. एकदम कापू नका, कापलेलं रबर परत येत नाही. उलट कागद अगदी सैल गेला तर पाय पेडलवर डुलतो, आणि पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) पळताना धातू आधी दगडाला लागतो. तेव्हा चकती काढून टाका.

क्लीटची जागा ठरवताना चवड्याचा सर्वात रुंद भाग पेडलच्या आसावर येईल अशी खूण करा आणि तिथून क्लीट ३ ते ५ मिमी टाचेच्या बाजूला घ्या. चढावर उभं राहून रेटताना पोटरीवरचा ताण त्यामुळे कमी होतो आणि पळताना बोटांना वाकायला जागा मिळते. बोल्ट ४ मिमीच्या ॲलन कीने ५ ते ६ न्यूटन-मीटरला आवळायचे. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवायचेच नाहीत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत कोरडा बसवलेला बोल्ट एका पावसाळ्यात गंजून धरतो आणि मग ॲलन की त्याचं डोकं गोल करते. बोल्टच्या खाचेत मेणबत्तीचं मेण भरून ठेवा. खाचेत खडा अडकत नाही, आणि काढायच्या वेळी मेण सुईने निघतं. बुटाच्या आत क्लीटच्या भोकावर पाणी अडवणारा स्टिकर लावायची पद्धत थंड देशांत ठीक आहे. इथे पाऊस वरूनच बुटात शिरतो, आणि ते पाणी निघून जायला हीच वाट असते. ती बंद करू नये.

खोक्यातल्या एसएच५१ क्लीट्सच ठेवा. नवशिक्यांना बरेचदा एसएच५६ सुचवल्या जातात, कारण त्यांतून पाय अनेक दिशांनी सुटतो. शहरात सिग्नलला ते सोयीचं. पण सायक्लोक्रॉसमध्ये मुळांवरून किंवा बांधावरून मागचं चाक उचलताना आपण पाय वर खेचतो आणि नेमका त्या क्षणी एसएच५६ पाय सोडू शकते. एसएच५१ टाच बाजूला वळवल्यावरच सुटते. भीती वाटत असेल तर क्लीट बदलण्याऐवजी पेडलच्या स्प्रिंगचा ताण कमी करा.

ताणाचे स्क्रू चार असतात, प्रत्येक पेडलच्या दोन्ही बाजूंना एकेक, ३ मिमीच्या ॲलन कीचे. अनेक जण वर दिसणारे दोनच फिरवतात. मग पाय एका वेळी सहज सुटतो, पुढच्या वेळी सुटत नाही, आणि कारण कळत नाही. चारही स्क्रू आधी पूर्ण सैल करा, मग चारही सारखेच क्लिक मोजून घट्ट करा. सुरुवातीला शून्यापासून दोन-तीन क्लिक पुरेत. ताण कमी असला की चिखलाचा थर असतानाही क्लीट कमी जोरात बसते. अगदीच कमी झाला तर चढावर पाय निसटतो. गवतावर हळू चालवत गुडघा झटक्यात वर खेचून पाहा. पाय जागेवर राहिला आणि टाच वळवल्यावर लगेच सुटला, तर ताण बरोबर.

सुरुवातीच्या रेषेवर या पेडलचा दुसरा कमकुवत भाग समोर येतो. शरीर लहान, पाय नुसता ठेवून रेटायला फारशी जागा नाही. एक पाय अडकवलेला, दुसरा जमिनीवर, आणि अडकवलेल्या पायाचं पेडल घड्याळात दोनचा काटा असतो तिथे. शिट्टी झाली की पहिला जोर त्याच पायाचा. दुसरा पाय लगेच बसला नाही तर खाली बघत बसू नका. बुटाच्या मध्याने, क्लीटच्या मागच्या भागाने पेडल ढकलत दोन-तीन फेरे मारा आणि सरळ जागा आली की अडकवा. खाली बघणारा पुढच्याच्या चाकात घुसतो, नाहीतर पोफळीच्या बुंध्यावर. पुन्हा चढून बसतानाही हेच. आधी सायकल चालती ठेवायची, पाय नंतर. दोन्ही बाजू वापरता येतात याचा फायदा इथे मिळतो. एका बाजूला एसपीडी आणि दुसऱ्या बाजूला सपाट असलेलं ईएच५०० रोजच्या वापराला छान आहे, पण सायक्लोक्रॉसमध्ये बाजू शोधायला वेळ नसतो.

उतरताना नेहमीची चूक डाव्या पायाची. उजवा पाय सीटवरून मागे टाकून डावीकडे आणायचा आणि मग डावा सोडायचा, अशी कल्पना असते. प्रत्यक्षात सगळं वजन डाव्या पेडलवर आल्यावर टाच वळत नाही आणि माणूस सायकलसकट फळीवर जातो. शिकताना क्रम उलटा ठेवा. ब्रेक दाबायच्या आधी डावी टाच वळवून क्लीट सोडवा, बूट नुसता पेडलवर टेकवून ठेवा, मग उजवा पाय मागून आणा. बूट टेकवताना क्लीट पेडलच्या जबड्यावर न येता थोडी मागे यायला हवी, नाहीतर वजन पडताच ती परत अडकते. हा सराव अंगणात, कोरड्यात, चालण्याच्या वेगाने करायचा. वेग वाढवायची घाई नको.

पाखाडी हा कोकणातल्या मार्गाला मिळालेला आयता जिना. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, उंची कधी सारखी नाही, आणि पावसात वर शेवाळ. इथे पेडलपेक्षा बुटाची परीक्षा असते. गट्टू झिजून क्लीट तळाच्या बरोबरीला आली असेल तर लोखंड ओल्या दगडावर लागतं आणि पाय जातो. असा बूट सायकलला चालेल, पाखाडीला नाही. बुटाच्या टोकाला लावायचे धातूचे खिळे मळ्यात उत्तम धरतात, पण सिमेंटने गुळगुळीत केलेल्या पायरीवर ते घसरतात. एकाच मार्गात मळा आणि पाखाडी दोन्ही असतील तर निर्णय पाखाडीकडे बघून घ्या आणि खिळे काढा. मळ्यात पाय घसरला तर अंगाला चिखल लागतो, पाखाडीवर घसरला तर गुडघा फुटतो.

पुळणीचं वेगळं. बेल्जियममध्ये कोक्सायडे इथली शर्यत वाळूच्या टेकड्यांसाठीच ओळखली जाते, आणि तिथल्यासारखंच आपल्याकडे गुहागर किंवा कर्द्याच्या किनाऱ्यावर कोरडी वाळू चाक गिळते. एम५२० ला कोरडी वाळू फारशी बाधत नाही, ती झडते. ओली वाळू मागच्या जबड्याच्या सांध्यात जाऊन बसते आणि जबडा अर्ध्यावर अडकतो. सर्वांत वाईट क्रम म्हणजे आधी मळा, मग पुळण. चिखलाने माखलेली क्लीट वाळूत गेली की रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखी होते आणि तो थर घासूनही पटकन सुटत नाही. मार्ग आखणं तुमच्या हातात असेल तर पुळण आधी घ्या. नसेल तर वाळू संपल्यावर थोडं जास्त पळा, कडक जमिनीवर पाय दोनदा घासा आणि मगच बसा.

चिखल चिकटू नये म्हणून शर्यतीआधी सिलिकॉन स्प्रे मारतात, आणि त्याचा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना उपयोग होतो. स्प्रे थेट पेडलवर मारू नका. तुषार डिस्कवर उडाले तर ब्रेक गेला. फडक्यावर घेऊन क्लीट, पुढची पट्टी आणि जबड्याला लावा. हाताशी असलेलं खोबरेल मात्र टाळा. तेलाला वाळू धरते आणि तीच घासून जबडा व क्लीट झिजवते.

शर्यत संपल्यावरची निगा किनाऱ्यावर जास्त महत्त्वाची. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, बादली आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. प्रेशर वॉशरचा झोत आसाच्या तोंडावर मारला तर पाणी सीलच्या आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. वाळल्यावर स्प्रिंगला आणि जबड्याच्या सांध्याला पातळ तेलाचा एकेक थेंब द्या आणि जास्तीचं पुसून टाका. पेडल बोटाने फिरवल्यावर जरा जड पण गुळगुळीत फिरलं तर ग्रीस शाबूत आहे. खरखर आली किंवा भन्नाट मोकळं फिरू लागलं तर उघडायची वेळ झाली.

एम५२० चं बेअरिंग घरी उघडता येतं, आणि मला या पेडलची सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. आसाजवळची प्लास्टिकची खाचेची कॉलर टीएल-पीडी४० या छोट्या साधनाने सुटते. कॉलरवर घट्ट करण्याच्या दिशेचा बाण असतो, त्याच्या उलट फिरवा. अख्खा आस बेअरिंगसकट बाहेर येतो. पेडलच्या पोकळीत ताजं ग्रीस भरा आणि आस परत आवळा. आत जाताना तो नवं ग्रीस बेअरिंगमधून रेटतो आणि काळं झालेलं जुनं ग्रीस कडेने बाहेर येतं, ते पुसा. आसात खेळ वाटत असेल तर टोकाचा ७ मिमीचा लॉकनट आणि त्याखालचा १० मिमीचा कोन जुळवावा लागतो. पावसाळ्यात हे काम महिन्यातून एकदा करावं. मच्छीमार बंदराजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मरीन ग्रीस मागा, पाण्यात टिकणारं ग्रीस हवं.

पेडल क्रँकमध्ये बसवतानाही ग्रीस हवंच. पेडलचा आस पोलादी, क्रँक ॲल्युमिनियमचा, आणि मधे खारं पाणी गेलं की दोन धातूंच्या मेळाने आटे धरतात. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा, असं वर्षातून दोनदा १५ मिमीच्या पान्याने पेडल काढून आटे पुसा, ग्रीस लावा, ३५ ते ५५ न्यूटन-मीटरला आवळा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावणाऱ्यांनी कितीतरी क्रँक खराब केले आहेत. दोन्ही पेडलं पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवली की घट्ट होतात, एवढं लक्षात ठेवा.

पहिलीच शर्यत असेल आणि क्लीटची सवयच नसेल, तर सपाट पेडल आणि खोल गट्टूंचे पळायचे बूट घेऊन उतरलं तरी चालेल. आयोजकांचा नियम तेवढा विचारून घ्या. क्लीट्सवर यायचं ठरलं की एम५२० घ्या, आणि पेडलसोबतच एसएच५१ ची एक जादा जोडी घेऊन ठेवा. जांभ्यावरून पळून क्लीटची पुढची आणि मागची कड झिजते. पाय अडकलेला असतानाही इकडेतिकडे हलू लागला किंवा न वळवता सुटू लागला की क्लीट बदला. नवी क्लीट लावल्यावर चारही स्क्रू पुन्हा सैल करून ताण नव्याने लावायचा, कारण झिजलेल्या क्लीटसाठी वाढवलेला ताण नवीला फार घट्ट होतो आणि पहिल्या फळीपाशी पाय सुटत नाही.